कूलरच्या कंट्रोलरवर केसचे पंखे: मोटर चालेल, दिव्यांचं बघावं लागेल

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉम्प्युटरचा प्रोसेसर थंड ठेवायला ३६० मिमीचा लिक्विड कूलर घेतला आहे (त्यातल्या द्रवाला कूलंट म्हणतात). त्यासोबत सहा पंख्यांचा कंट्रोलर आला आणि त्यातली तीन पोर्ट रेडिएटरच्या, म्हणजे कूलंट गार करणाऱ्या जाळीच्या, पंख्यांनी भरली. केसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या पेटीत, आधीपासून तीन साधे ३ पिनचे पंखे आहेत. शिवाय दुसऱ्या कंपनीचे तीन पीडब्ल्यूएम एआरजीबी (सिग्नलवर वेग बदलणारे, रंगीत दिव्यांचे) पंखे घ्यायचे आहेत. यातलं काय कूलरच्या कंट्रोलरला लावता येईल?

नवे पीडब्ल्यूएम पंखे तिथे व्यवस्थित फिरतील आणि त्यांचा वेगही कमीजास्त करता येईल. त्यांचे दिवे मात्र बहुधा त्या कंट्रोलरला जोडता येणार नाहीत. जुने ३ पिनचे पंखे फिरतील, पण अशा बऱ्याच कंट्रोलरवर ते सतत पूर्ण वेगाने घोंघावत राहतील, म्हणून ते मदरबोर्डवरच ठेवा. आणि पोर्ट रिकामं आहे एवढ्यासाठी केसचा पंखा तिथे लावू नका. त्यामागचं कारण तापमानाशी जोडलेलं आहे, ते पुढे येईल.

दिव्यांच्या पंख्यातून सहसा दोन वायरी निघतात, एक मोटरची आणि एक दिव्यांची. त्यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. त्यामुळे ‘हा पंखा त्या कंट्रोलरला चालेल का’ असं विचारलं की दोन प्रश्नांची गाठ बसते आणि उत्तर चुकतं. मोटरच्या बाबतीत सगळ्या कंपन्या जवळजवळ एकाच नियमाने चालतात. दिव्यांच्या बाबतीत ज्याचा त्याचा कारभार.

आधी मोटर. ४ पिनच्या पंख्याचा नियम इंटेलने लिहून ठेवलेला आहे. पहिली पिन ग्राउंड, दुसरी १२ व्होल्ट, तिसरी टॅक, म्हणजे वेग कळवणारी, आणि चौथी पीडब्ल्यूएम सिग्नलची. टॅकवर एका फेऱ्याला दोन ठोके येतात, म्हणजे १५०० आरपीएमवर (मिनिटाला १५०० फेरे) सेकंदाला ५०. चौथ्या पिनवरचा सिग्नल २५ किलोहर्ट्झचा असतो (२१ ते २८ पर्यंत चालतो). मोटरला १२ व्होल्ट कायम मिळत असतात आणि या सिग्नलचा किती टक्के भाग ‘चालू’ आहे त्यावरून पंखा स्वतः आपला वेग ठरवतो. सिग्नल आलाच नाही तर पंखा पूर्ण वेगाने फिरतो. नियमच तसा आहे. नवा पंखा जोडल्या जोडल्या विमानासारखा आवाज करायला लागला तर पंख्याला दोष देण्याआधी चौथी वायर पोचली आहे का ते बघा. तीन वायरींची स्वस्त एक्स्टेंशन केबल हे त्याचं नेहमीचं कारण.

३ पिनच्या पंख्यात चौथी वायर नसतेच. त्याचा वेग कमी करायचा म्हणजे दुसऱ्या पिनवरचे व्होल्ट कमी करायचे, यालाच डीसी मोड म्हणतात. यावरून पुढचं सगळं आपोआप कळतं. पीडब्ल्यूएम पंखा पीडब्ल्यूएम पोर्टवर असेल तर काही अडचण नाही. ३ पिनचा पंखा डीसी पोर्टवरही तसाच. ३ पिनचा पंखा फक्त पीडब्ल्यूएम जाणणाऱ्या पोर्टवर लावला तर १२ व्होल्टवर सुसाट सुटतो, कारण त्याला आवरायला कुणी नाही. पीडब्ल्यूएम पंखा डीसी पोर्टवर लावला तर चालतो, पण खालच्या टोकाला अडखळतो. त्याच्या आतलं इलेक्ट्रॉनिक्स १२ व्होल्टसाठी बनवलेलं असतं आणि ५-६ व्होल्टवर काही पंखे सुरूच होत नाहीत, किंवा थांबून पुन्हा झटका देतात.

मदरबोर्डवर पंखे लावायच्या पिनांना, म्हणजे हेडरना, बहुतेकदा दोन्ही मोड येतात, बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) निवडता येतात. कूलरसोबत आलेल्या कंट्रोलरचं तसं नसतं. उदाहरणार्थ कॉर्सेअरच्या कमांडर प्रोवर ३ पिन आणि ४ पिन दोन्ही पंखे आवरता येतात, तर त्याच कंपनीच्या कूलरबरोबर येणारा कमांडर कोअर फक्त पीडब्ल्यूएम पंख्यांसाठी आहे. नावं इतकी सारखी की दुकानदारही गोंधळतात. मॅन्युअल हाताशी नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. ३ पिनचा पंखा लावा, सॉफ्टवेअरमध्ये वेग ४० टक्क्यांवर आणा आणि आरपीएमचा आकडा बघा. तो हललाच नाही तर त्या कंट्रोलरला डीसी येत नाही, विषय संपला.

ज्या पंख्यांच्या सगळ्या वायरी काळ्या असतात त्यांच्या पिन रंगावरून ओळखता येत नाहीत. प्लगवरच्या दोन उभ्या कडा बघा. त्या पहिल्या तीन पिनांच्या बाजूला असतात आणि चौथी पिन त्यांच्या बाहेर राहते. म्हणून ३ पिनचा प्लग ४ पिनच्या हेडरवर एकाच पद्धतीने बसतो. जोर लावावा लागत असेल तर उलटा बसवताय.

आता वीज. मदरबोर्डच्या साध्या पंखा-हेडरची मर्यादा सहसा १ अँपिअर, म्हणजे १२ वॅट असते. पंपाच्या हेडरला बऱ्याच बोर्डांवर २ किंवा ३ अँपिअर असतात, पण ते बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये वाचूनच धरायचं. पंख्याच्या पाठीवरच्या लेबलवर अँपिअर छापलेले असतात, त्यांची बेरीज करा. नॉक्टुआचा एनएफ-ए१२एक्स२५ पीडब्ल्यूएम ०.१४ अँपिअर घेतो, म्हणजे एका हेडरवर तसे तीन म्हणजे काहीच नाही. त्याच कंपनीचा ३००० आरपीएमचा इंडस्ट्रियल एनएफ-एफ१२ ०.३ अँपिअर घेतो. तसे तीन म्हणजे ०.९, आणि सुरू होताना ओढ याहून जास्त असते. बेरीज मर्यादेच्या तीन चतुर्थांशाच्या आत ठेवली की झोप लागते.

कंट्रोलर किंवा हब (एका जोडणीवरून अनेक पंखे चालवणारी डबी) एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, साटा केबलवर चालत असेल तर मर्यादा त्या प्लगची. साटाच्या प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिन असतात, प्रत्येकी १.५ अँपिअर, म्हणजे एकूण ४.५ अँपिअर. सहा साध्या पंख्यांना हे पुरून उरतं. पण त्याच साटा केबलच्या पुढच्या प्लगवर दुसरा हब, दिव्यांची पट्टी आणि पंप अशी माळ लावू नका. केबल शेवटी एकच आहे. मोलेक्स या जुन्या वीज-प्लगवरून साटा करणारे, प्लॅस्टिक ओतून बंद केलेले स्वस्त अडॅप्टर तर वापरूच नका. आत वायरी जवळ सरकलेल्या असतात आणि ते जळण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. एसएमपीएस बदलला तर जुन्या एसएमपीएसची मॉड्युलर साटा केबल नव्याला लावणं हा आणखी एक महागात पडणारा प्रकार. साटाचं टोक सारखं दिसतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी कधी एकाच कंपनीच्या मॉडेलगणिक बदलते. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की कंट्रोलर त्याच क्षणी मरतो.

स्प्लिटर वापरायचा असेल तर तो असा हवा की टॅकची वायर एकाच टोकाला असेल. चांगल्या स्प्लिटरमध्ये दुसऱ्या टोकाची तिसरी पिन मुद्दामच काढलेली असते. दोन पंख्यांचे टॅक एकत्र आले की ठोके मिसळतात, आकडा ४००० दाखवतो, मग ० दाखवतो, आणि सॉफ्टवेअर पंखा बंद पडल्याची बोंब मारतं. टॅक एकाच पंख्याचा जात असल्यामुळे दुसरा खरोखर बंद पडला तरी स्क्रीनवर कळणार नाही, हेही लक्षात असू द्या. शिवाय एका स्प्लिटरवर एकाच मॉडेलचे पंखे ठेवा. नाहीतर ४० टक्के सिग्नलवर एक ६०० आरपीएम फिरेल आणि दुसरा ११००.

दिव्यांकडे वळू. इथे नुकसान होतं, म्हणून सावकाश वाचा. बाजारात दोन सर्वसाधारण प्रकार आहेत. ४ पिनचा १२ व्होल्टचा आरजीबी, ज्यात सगळे दिवे एकदम एकाच रंगाचे होतात. आणि ३ पिनचा ५ व्होल्टचा एआरजीबी, ज्यात प्रत्येक दिवा वेगळा सांभाळता येतो. एआरजीबीचा प्लग चार जागांचा असतो, पण एक जागा रिकामी असते: ५ व्होल्ट, डेटा, रिकामी, ग्राउंड. ही रिकामी जागाच तुमचं संरक्षण. तिसरा प्रकार म्हणजे कंपनीचा खासगी प्लग. कॉर्सेअरच्या एलएल, क्यूएल यांसारख्या जुन्या पंख्यांच्या दिव्यांचा प्लग ४ पिनचा आहे, पण तो ना १२ व्होल्टचा आरजीबी ना साधा एआरजीबी. त्यात ५ व्होल्ट, ग्राउंड, डेटा आत आणि डेटा बाहेर अशा चार पिन असतात.

ही ‘डेटा बाहेर’ पिन समजली की एक नेहमीचं कोडं सुटतं. त्या पंख्यांच्या जुन्या आरजीबी हबमध्ये डेटा पहिल्या पोर्टमधून पंख्यात जातो, तिथून परत हबमध्ये येतो, मग दुसऱ्या पोर्टमध्ये जातो. मधलं एक पोर्ट रिकामं सोडलं की साखळी तुटते आणि पुढचे सगळे दिवे मालवतात. लोक पंखा परत करतात, हब परत करतात. खरा इलाज म्हणजे पंखे पोर्ट १ पासून ओळीने लावणे. एका हबवर वेगवेगळ्या मालिकांचे पंखे मिसळले तरी रंग भलतीकडेच जातात, कारण प्रत्येक पंख्यात किती डायोड, म्हणजे छोटे दिवे, आहेत हे सॉफ्टवेअर आधीच धरून चालतं.

तुमच्या बाबतीत सरळ मार्ग असा: नव्या पंख्यांची मोटरची वायर जिथे हवी तिथे लावा आणि एआरजीबीची वायर मदरबोर्डच्या ५ व्होल्टच्या ३ पिन हेडरला. दिवे बोर्डाच्या सॉफ्टवेअरवर चालतील, कूलरचे दिवे कूलरच्या. दोन सॉफ्टवेअर, पण दोघांचा झगडा नाही. खासगी प्लगवरून एआरजीबी करणाऱ्या केबल मिळतात आणि विजेच्या दृष्टीने त्यातल्या पुष्कळ बरोबरही असतात. तरी रंगसंगतीसाठी एवढी उठाठेव करण्यापेक्षा सगळे पंखे एकाच घराण्याचे घेतलेले बरे.

एआरजीबी हेडरवर किती पंखे लावायचे याचाही हिशेब आहे. पूर्ण पांढऱ्या उजेडाला एका डायोडमागे ०.०६ अँपिअर धरा. आठ डायोडचा पंखा म्हणजे ०.४८ आणि असे सहा म्हणजे २.९ अँपिअर. बऱ्याच बोर्डांच्या हेडरची मर्यादा ३ अँपिअर असते, म्हणजे काठावर. पांढऱ्या रंगात शेवटचे पंखे पिवळट किंवा लालसर दिसू लागले तर ५ व्होल्ट तिथपर्यंत पोचत नाहीत असं समजा. उजेड ६० टक्क्यांवर आणा किंवा साटावर चालणारा एआरजीबी हब मध्ये घाला. ५ व्होल्टचा प्लग १२ व्होल्टच्या हेडरवर लागला तर मात्र दिवे कायमचे जातात. दोन्ही हेडर बोर्डावर शेजारी असू शकतात, तेव्हा टॉर्च लावून छापील अक्षरं वाचल्याशिवाय प्लग दाबू नका.

याहून वेगळी जात आहे ती एकाच केबलवर चालणाऱ्या पंख्यांची. कॉर्सेअरच्या आयक्यू लिंकमध्ये वीज, वेग आणि दिवे सगळं एका खास प्लगमधून जातं आणि हबला सहा पिनच्या पीसीआयई केबलची वीज लागते. असे पंखे त्यांच्या हबशिवाय मदरबोर्डला लागत नाहीत आणि त्या हबला दुसऱ्या कंपनीचे ४ पिन पंखे थेट लागत नाहीत. लिआन लीच्या युनि फॅनमध्ये पंखे एकमेकांना कडेने चिकटतात आणि गटागटाने त्यांच्या कंट्रोलरला जातात. यातलं काही घ्यायचं तर पूर्ण घ्या, नाहीतर नको. अर्धं एक आणि अर्धं दुसरं असलं की केसच्या मागच्या बाजूला वायरींचं जंगल होतं.

आता तो तापमानाचा मुद्दा. कूलरचा कंट्रोलर ज्या तापमानावर पंखे चालवतो ते बहुतेकदा कूलंटचं असतं. रेडिएटरच्या पंख्यांसाठी ते उत्तमच. प्रोसेसरचं तापमान एका सेकंदात २० अंश उडी मारतं, कूलंट मात्र मिनिटांच्या हिशेबाने तापतं, म्हणून पंखे उगाच वरखाली होत नाहीत. पण कूलंटला प्रोसेसरची उष्णता कळते, ग्राफिक कार्डची नाही. गेम खेळताना ग्राफिक कार्ड ३०० वॅट फेकतंय आणि प्रोसेसर जेमतेम ८०, तर कूलंट निवांत असेल आणि त्यावर टांगलेले पुढचे, हवा आत ओढणारे इनटेक पंखेही निवांत फिरतील. ग्राफिक कार्ड आपल्याच गरम हवेत शिजत राहील. रेडिएटर वरच्या बाजूला हवा बाहेर फेकत असेल तर कार्डाची गरम हवा त्यातून जाते आणि कूलंटही तापतं, पण ते उशिरा.

म्हणून रेडिएटरचे तीन पंखे कंट्रोलरवर, कूलंटच्या तापमानावर. केसचे पंखे मदरबोर्डवर. बहुतेक बोर्डांच्या बायोसला ग्राफिक कार्डाचं तापमान दिसत नाही. त्यामुळे विंडोजमध्ये फॅन कंट्रोल हे मोफत सॉफ्टवेअर वापरून केसचे पंखे ‘प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड यांपैकी जे जास्त’ त्यावर लावावेत. सॉफ्टवेअर नकोच असेल तर बायोसमध्ये मदरबोर्डच्या तापमानावर लावा किंवा वेग बदलायला जास्तीत जास्त उशीर लावणारी सेटिंग निवडा. कंट्रोलरला तापमानाच्या सुट्या प्रोबची (सेन्सरची) जागा असेल तर गोष्ट वेगळी. कमांडर प्रोला अशा चार जागा आहेत. प्रोब ग्राफिक कार्डाच्या वर, हवा निघते तिथे चिकटवा आणि केसचे पंखे त्यावर चालवा. मग रिकामी पोर्ट खुशाल वापरा.

कूलंटसाठी सुरुवातीची रेघ, म्हणजे किती तापमानाला पंख्याचा किती वेग, अशी ठेवता येईल: ३० अंशापर्यंत ३५ टक्के, ३५ ला ४५, ४० ला ६५, ४५ ला ८५, ५० ला १००. खोलीच ३५ अंश असेल तर कूलंट रिकामपणीही ४० च्या आसपास राहणार. तेव्हा सगळे आकडे पाच-सात अंश पुढे ढकला, नाहीतर पंखे दिवसभर कारण नसताना ओरडतील. बंद लिक्विड कूलरांसाठी ६० अंश कूलंट ही धोक्याची रेघ धरतात. तिथे पोचायची वेळ आली तर पंख्यांपेक्षा पंप तपासा.

पंपाबद्दल तर ठाम राहा. ज्याचा पंप ३ किंवा ४ पिनच्या प्लगवर चालतो तो पंखा-हबला किंवा स्प्लिटरला लावू नका. बोर्डाच्या ‘एआयओ पंप’ हेडरला लावा आणि बायोसमध्ये त्या हेडरचा वेग पूर्ण ठेवा. साध्या केस फॅनच्या हेडरला लावून त्याची ‘सायलेंट’ रेघ तशीच राहिली की पंप अर्ध्या व्होल्टवर चालतो आणि लोक थर्मल पेस्ट बदलत बसतात. ज्याचा पंप साटावर चालतो त्याची एक छोटी टॅकची वायर ‘सीपीयू फॅन’ हेडरला जायला हवी. त्या हेडरवर आरपीएम दिसला नाही की बरेच बोर्ड सुरू होताना सीपीयू फॅनची चूक दाखवून एफ१ दाबायला सांगतात. अशी वायरच नसेल तर रेडिएटरचा एखादा पंखा तिथे लावा. बायोसमध्ये ती तपासणी बंद करणं हा शेवटचा उपाय, कारण मग पंप थांबल्याचंही कळत नाही.

आर्क्टिक लिक्विड फ्रीझर २ सारख्या कूलरला वेगळा कंट्रोलर नसतो. पंप, रेडिएटरचे पंखे आणि पंपावरचा छोटा पंखा असे सगळे एकाच ४ पिन केबलवर एकाच सिग्नलने चालतात. तिथे केसचे पंखे जोडायचा प्रश्नच नाही, आणि केबल डीसी मोडच्या हेडरला लावणं ही घोडचूक, कारण पंखे हळू करायला जाल आणि पंपाचेही व्होल्ट उतरतील. तिसऱ्या आवृत्तीत तिन्ही वेगळे करणारी दुसरी केबल सोबत येते.

यूएसबीचं थोडं. असे कंट्रोलर बोर्डाच्या ९ पिनच्या यूएसबी २.० हेडरला लागतात आणि बऱ्याच बोर्डांवर असे हेडर दोनच असतात. केसच्या पुढच्या पोर्टने एक घेतला, कूलरने दुसरा, की पुढच्या कंट्रोलरला जागा नाही. साटाची वीज घेणारा अंतर्गत यूएसबी हब मिळतो, तो घ्या. एकाच उपकरणाशी दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी बोलू लागली तर आकडे गोठतात, पंखे आपोआप कमाल वेगावर जातात. कंपनीचं सॉफ्टवेअर ठेवा किंवा फॅन कंट्रोल, सिग्नलआरजीबी यांपैकी एक. लिनक्सवर लिक्विडसीटीएल हे काम करतं. आणि रेघ कंट्रोलरच्या आतल्या मेमरीत साठवता येते का ते नक्की बघा. येत नसेल तर सॉफ्टवेअर बंद पडलं की पंखे कंपनीच्या ठरावीक वेगावर परत जातात.

काही जण रेडिएटरचे पंखे केसला आणि नवे रंगीत पंखे रेडिएटरला अशी अदलाबदल करतात. प्लगच्या दृष्टीने हरकत नाही, हवेच्या दृष्टीने असते. रेडिएटरच्या दाट पत्र्यांतून हवा ढकलायला स्टॅटिक प्रेशर, म्हणजे अडथळ्यातून हवा रेटण्याची ताकद, लागतं. मोठ्या फटींच्या, कमी पात्यांच्या केस पंख्यांची हवा तिथे मागे फिरते. १२० मिमी पंख्यांच्या छिद्रांमधलं अंतर १०५ मिमी असतं, तेव्हा बसायला अडचण येत नाही. जाडी बघा. नेहमीचा पंखा २५ मिमी, पण फँटेक्स टी३० हा ३० मिमी. २७ मिमी रेडिएटर आणि २५ मिमी पंखा मिळून ५२ मिमी, आर्क्टिकचा ३८ मिमी रेडिएटर असेल तर ६३. वरच्या बाजूला रॅम आणि बोर्डाच्या हीटसिंकपर्यंत एवढी जागा आहे का ते पट्टीने मोजा. स्क्रू कूलरसोबत आलेलेच वापरा. पातळ पंख्याला तेच लांब स्क्रू लावले तर टोक रेडिएटरच्या नळीत घुसतं आणि गळती सुरू. स्क्रू हाताने पूर्ण फिरत नसेल तर तिथेच थांबा.

जोडणी एसएमपीएसचं बटण बंद करूनच करा. आधी पंप आणि त्याची टॅक वायर, मग रेडिएटरचे तीन पंखे कंट्रोलरच्या पोर्ट १ ते ३ वर, मग कंट्रोलरची साटा आणि यूएसबी. जुने ३ पिनचे पंखे बोर्डाच्या केस फॅन हेडरवर लावा. त्यावर ‘सीएचए फॅन’ किंवा ‘एसवायएस फॅन’ असं छापलेलं असतं. बायोसमध्ये त्यांना डीसी मोड द्या. ‘ऑटो’वर सोडलं तर काही बोर्ड चुकीचं ओळखतात. नवे तीन पीडब्ल्यूएम पंखे वेगळ्या हेडरवर स्प्लिटरने, पीडब्ल्यूएम मोडमध्ये. एआरजीबी सगळ्यात शेवटी, मोटर नीट चालल्याची खात्री झाल्यावर. मग बायोसच्या पानावरच पाच मिनिटं थांबा, पंपाचा आरपीएम स्थिर आहे का आणि प्रोसेसरचं तापमान एका जागी टिकतंय का ते बघा. ते हळूहळू चढतच राहिलं तर वीज बंद करून पंपाचा प्लग पुन्हा तपासा.